मागची खुर्ची

सुताराला जगात एकच गोष्ट पटायची, ती म्हणजे हुबेहूब. गिऱ्हाइकाने कपाटाचा फोटो दाखवावा आणि याने त्यावरचा ओरखडासुद्धा उतरवून द्यावा. त्यामुळे लेक सिम्युलेटरमध्ये नापास होऊन घरी आली, तेव्हा समजुतीचे दोन शब्द बोलायच्या आधी त्याने खिशातून टेप काढला.

लेक वैमानिक होऊ घातली होती. सिम्युलेटर म्हणजे विमानाचं खोटं-खोटं कॉकपिट. तिथे इंजिन पेटतं, विमान कोसळतं, पण जीव कोणाचा जात नाही. एक इंजिन पेटल्यावर पोरीने भलत्याच इंजिनाचा खटका ओढला होता. आता एकच संधी उरली होती. ती हुकली की वैमानिकपण गुंडाळून ठेवायचं. पोरगी धड जेवत नव्हती.

"हाताला सवय नाही, दुसरं काही नाही," तो म्हणाला. "मी घरातच बांधतो. तू फक्त मापं आणि फोटो आण."

तिच्या खोलीतला पलंग बाहेर गेला आणि प्लायवूड आत आलं. एकेक बटण, एकेक खटका जागच्या जागी बसला. फोटोत एका दांड्याचा रंग हाताळून उडालेला दिसत होता, म्हणून याने नव्याकोऱ्या दांड्याचा रंग पॉलिश पेपरने घासून उडवला. लाल दिवा लावला, कर्कश भोंगा बसवला. वादळ हवं असलं की हा स्वतः मागे उभा राहून खुर्ची गदागदा हलवायचा. खऱ्या सिम्युलेटरमध्ये मागे आणखी एक खुर्ची होती, परीक्षकाची. तेवढी मात्र त्याने गाळली.

"तिथे बसून नुसतं बोलायचंच असतं ना?" तो म्हणाला. "त्यासाठी लाकूड कशाला घालवायचं?"

सगळं जमलं, पण बायको जमेना. ती पलीकडच्या खोलीत शिवणकाम करायची आणि अलीकडे तिला बारीक दिसत नसे. इकडे इंजिन पेटलं, भोंगा बोंबलायला लागला, की तिकडून हमखास हाक यायची, "अगं, एवढी सुई ओवून दे."

पहिल्यांदा लेक सवयीने उठून गेलीसुद्धा. परत आली तोवर, सुताराच्या हिशेबाने, विमान समुद्राच्या तळाशी पोचलं होतं.

"विमानात कोणी सुई ओवायला सांगतं का?" तो कडाडला.

"मग काय सांगतात?" बायकोने शांतपणे विचारलं.

ते त्याला माहीत नव्हतं. त्याने दाराला आतून कडी बसवली, पण आवाजाला कडी कोण घालणार? "मावशीचा फोन आलाय, काय सांगू?" "गिझर बंद केलास का?" हळूहळू लेक सरावली. मान न वळवता म्हणायची, "थांब आई, हातातलं होऊ दे." सगळे खटके क्रमाने उरकायची आणि मगच हाकेला ओ द्यायची. सुतार मात्र खुर्ची हलवता हलवता धुमसत राहायचा. हिच्या पायी पोर पुन्हा नापास होणार, अशी त्याची खात्रीच झाली होती.

परीक्षेच्या दिवशी दोघं नवराबायको बाहेरच्या बाकावर बसली. बायकोने पिशवीतून कोणाचा तरी फ्रॉक काढून टाके घालायला घेतले. सुताराला टाकेही बघवत नव्हते आणि भिंतीवरचं घड्याळही. शेवटी दार उघडलं आणि लेकीच्या चेहऱ्यावरूनच सगळं कळलं. त्याचे डोळे भरून आले, आणि ते लपवायच्या भानगडीत तो पडला नाही.

मागोमाग झुपकेदार मिशांचा परीक्षक आला. "हिने सराव कुठे केला?"

सुताराने मोबाईल काढून फोटो दाखवले. परीक्षक बघतच राहिला. "अहो, हे तर आमच्यापेक्षा छान आहे. फक्त माझी खुर्ची दिसत नाही."

"तिथे काय, नुसतं बोलायचंच तर..."

"तेच तर माझं काम. इंजिन पेटलं की मी मुद्दाम मागून विचारतो, प्रवासी किती, इंधन किती. मागच्या वेळी ही मला उत्तर द्यायला वळली आणि हात भलत्या खटक्यावर गेला. आज म्हणाली, 'थांब आई, हातातलं होऊ दे.'" त्याची मिशी थरथरली. "इतकी वर्षं परीक्षा घेतोय, मला आई कोणी म्हटलं नव्हतं. पण थांबलो. अशा वेळी वैमानिकाने मला थांबवायलाच हवं. ही सवय कोणी लावली?"

लेकीने आईकडे बोट दाखवलं.

"मला तर नुसती सुई ओवून हवी होती," दाताने दोरा तोडत बायको म्हणाली.

परतीच्या वाटेवर सुताराचा आनंद पोटात मावत नव्हता, पण रंग उडवलेल्या दांड्याचं कोणी नावही काढलं नाही, हेही जरा सलत होतं. तरी माणूस कारागीर होता. कामातली उणीव कळली की ती भरून काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, आणि वैमानिकांना ही परीक्षा पुन्हा पुन्हा द्यावी लागतेच. घरी पोचून बायको शिलाई मशीनवर बसते न बसते तोच हा टेप घेऊन तिच्यापुढे हजर झाला.

"ऊठ जरा. तुझ्यासाठी खुर्ची करायची आहे, माप घेतो."

बायकोने मान वर केली नाही. "थांबा, हातातलं होऊ दे."

सुतार टेप धरून उभा राहिला.