परतीची जाळी

दूर उत्तरेकडच्या हॅनकॉक गावात नोव्हेंबरात पडलेला बर्फ एप्रिलशिवाय हलत नाही. त्यामुळे घरात डोकं तापलं तर जरा बाहेर चक्कर मारून येण्याची सोय तिथे नाही, आणि अर्लीनचं डोकं तर पटकन तापायचं.

घर तसं सासूचं. सासऱ्याने, उर्होने, ते स्वतःच्या हातांनी बांधलेलं. तळघरातली भट्टी, तिच्यातून खोल्याखोल्यांत गरम हवा नेणारे पत्र्याचे नळ, आणि खोल्यांतली गार झालेली हवा भट्टीकडे माघारी ओढणाऱ्या भिंतीतल्या जाळ्या, सगळं त्याचंच काम. तो गेल्यावर सासूने घर मुलाच्या हवाली केलं आणि मागची खोली तेवढी स्वतःकडे ठेवली. नातवंडं तिला मुम्मू, म्हणजे आजी, म्हणत, म्हणून सगळेच म्हणत. मुम्मू वाईट मुळीच नव्हती. अर्लीनच्या गोड पावात वेलची कमी पडली, तर ती अवाक्षर न काढता दुसरा तुकडा घ्यायची नाही, एवढंच. पण न बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, आणि भांडल्याशिवाय अर्लीनला मोकळं वाटत नसे. मग ती जेवणाच्या खोलीतल्या फोनवर बहिणीपाशी, वर्नापाशी, मोकळी व्हायची.

त्या संध्याकाळी ती जरा जास्तच मोकळी झाली. म्हातारी आहे तोवर हे घर काही माझं होत नाही, म्हणाली. वर, "आणि बघ तू, शंभरी गाठल्याशिवाय जायची नाही ती," असं म्हणून हसली.

तेवढ्यात फोनखालच्या जाळीतून कोणीतरी खोकलं. अगदी शेजारी बसून खोकावं तसं.

जेवणाची खोली आणि मागची खोली यांच्यात एकच भिंत होती. उर्होने भिंतीच्या पोटात एकच पोकळी ठेवून तिला दोन्हीकडून जाळ्या बसवल्या होत्या. इतकी वर्षं या घरात राहून अर्लीनच्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

सकाळी मुम्मूने नेहमीसारखी लापशी खाल्ली, वाटी धुऊन पालथी घातली. फक्त तिच्या खोलीचं दार, जे कायम सताड उघडं असायचं, ते त्या दिवसापासून बंद राहू लागलं. म्हाताऱ्या माणसाला एकांत लागतो, असा सोयीस्कर अर्थ अर्लीनने काढला. तरी पण धाकधूक होतीच. रविवारी मुम्मू चर्चला गेल्यावर तिने मागच्या खोलीतली जाळी उघडली, एक जुनी गोधडी पोकळीत ठासून भरली आणि स्क्रू पिळून जाळी होती तशी लावून टाकली. यात दोघींचंही भलं आहे, असं तिने स्वतःला पटवलं. पटवावं लागलं, यावरूनच काय ते समजायला हवं होतं.

मग मागची खोली गारठली. मुम्मू खोलीतही कोट आणि लोकरीची टोपी घालून बसू लागली. रेइनो, म्हणजे अर्लीनचा नवरा, रस्त्यावरचा बर्फ काढणारा ट्रक चालवायचा. दिवसभर गारठून घरी आला की आईची खोली गरम करण्याच्या मागे लागायचा. त्याने भट्टीचा फिल्टर बदलला, भट्टी वाढवली. बाकीच्या घराला घाम फुटला, पण मागची खोली काही ऊब धरेना.

"खोलीतली जुनी हवा बाहेर पडली तर नवी गरम हवा आत शिरणार ना," जेवताना तो म्हणाला. "आणि आई दार लावून बसते. म्हणजे सगळी मदार त्या परतीच्या जाळीवर. उद्या उघडून बघतो."

"परवाच पुसली मी. ठीक आहे ती," अर्लीन बोलून गेली.

रेइनोने मान डोलावली. त्याने बायकोवर कधी अविश्वास दाखवला नव्हता, आणि त्या रात्री अर्लीनला तेच सगळ्यात जास्त टोचलं. गोधडी काढायचीच, असं ती रोज ठरवायची. पण मुम्मूचं घराबाहेर पडणंच बंद झालं होतं.

शेवटी मुम्मूनेच जाहीर केलं. माझं रक्त पातळ झालंय म्हणून थंडी वाजते, या खोलीचा दोष नाही, म्हणाली. गावातल्या वृद्धाश्रमात जागा आहे, सोमवारी मला सोडून ये. रेइनो पानावरून उठून तळघरात गेला आणि बराच वेळ भट्टीपाशी काहीतरी खुडबुडत राहिला. अर्लीनला मात्र हायसं वाटलं. क्षणभरच वाटलं, पण ते वाटणं तिला स्वतःला माफ करता येईना.

रविवारी दुपारी ती मागच्या खोलीत गेली. कपाटाचे खण रिकामे करून उघडेच ठेवलेले, बॅग भरलेली, आणि मुम्मू टोपी घालून खुर्चीत. अर्लीन गुडघ्यांवर बसली, जाळी उघडली आणि गोधडी ओढून काढली. मुम्मूकडे बघायचं तिला धाडस होईना.

"माहीत होतं मला," मुम्मू म्हणाली. "जाळीला हात लावला की हवेची ओढ लागते. ती लागेना, तेव्हाच कळलं."

"मग तुम्ही काढली का नाहीत? एवढ्या थंडीत बसलात."

"काढली असती तर परत ऐकू आलं असतं."

अर्लीन उठली. गोधडी छातीशी धरून ती बाहेर आली तेव्हा जेवणाच्या खोलीत फोन वाजत होता. वर्ना होती. उद्यापासून सुटलीस बाई एकदाची, म्हणाली.

"सुटले नाही. मी हाकललं त्यांना," अर्लीन म्हणाली. "जाळीत गोधडी कोंबली मी. त्यांना गारठवलं आणि नवऱ्याशी खोटं बोलले. त्यांच्याच घरात."

"अगं, हळू बोल. ऐकेल ना म्हातारी."

"ऐकू दे. त्या गेल्या तर मी हे घर माझं म्हणू शकणार नाही, वर्ना. जन्मात नाही."

तिने फोन ठेवला. जाळीतून काहीच आवाज आला नाही. पूर्वी असं रडू आलं की कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून ती पाण्याचा नळ सोडायची. आज सोडला नाही, तिथेच जमिनीवर बसून रडली.

बऱ्याच वेळाने भिंतीपलीकडे बॅगेचे खटके उघडल्याचा आवाज आला. मग कपाटाचा एक खण करकरत बंद झाला. थोड्या वेळाने दुसरा.