शराफतचा तळहात

एप्रिल लागला की शराफत घरातली सगळ्यांत चांगली खोली रिकामी करायची. गालिचे गुंडाळून ओसरीवर, गाद्यांची चळत स्वयंपाकघरात, आणि ती आणि तिचा नवरा इनोयत महिनाभर दाराजवळच्या अरुंद खोलीत. मर्गिलान शहरातल्या त्या गल्लीत सगळ्याच घरी असं चालायचं. पाहुण्यांची खोली त्या दिवसांत रेशमाच्या आळ्यांची असे, आणि खरे पाहुणे आलेच तर त्यांना अंगणातल्या तुतीखाली चहा मिळे.

आळ्यांना ऊब अगदी बेताची लागते. कमी पडली तर त्या खायच्या थांबतात, फार झाली तर जिवानिशी जातात. ही ऊब जोखायला गल्लीत एकच साधन होतं, ते म्हणजे शराफतचा उजवा तळहात. रोज सकाळी ती चार-पाच घरी जायची, आधी भिंतीवर, मग आळ्यांच्या फळीवर हात टेकवायची आणि सांगायची, एक खिडकी उघड, नाहीतर थोडा कोळसा घाल. कुणी कधी शंका काढली नाही. अडतीस वर्षं तिने रेशीम कारखान्यात कढत पाण्याच्या घंगाळातून कोष उचलून धाग्याचं टोक शोधलं होतं. त्या हाताला कळणार नाही तर कुणाला कळणार?

इनोयत शाळेत प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. सगळे त्याला दोमला म्हणत, म्हणजे गुरुजी. त्याने एकदा एक थर्मामीटर आणून आळ्यांच्या खोलीत खिळ्याला टांगला होता. शराफतने त्याच खिळ्यावर आपला एप्रन अडकवायला सुरुवात केली.

"अहो, ती काचेची काडी तुमच्या पोरांना दाखवा," ती म्हणायची. "माझ्या आळ्या काही परीक्षेला बसलेल्या नाहीत."

शेजारची मुनोजात त्याची जुनी विद्यार्थिनी. दोमलांचा सुईचा तास तिला अजून आठवायचा. ते एक सुई दिव्यावर तापवत आणि आळीच्या कुशीजवळ धरत. सुई लागायच्या आतच आळी अंग मुरडून बाजूला होई. मुलं हसत. मग ते विचारत, हिला कुणी सांगितलं?  आणि स्वतःच तुतीचं पान उन्हाकडे धरत. पानात शिरा पसरतात ना, तशा हिच्या कातडीखाली मज्जातंतूंच्या बारीक फांद्या पसरलेल्या असतात. त्यांच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी दारं असतात. साध्या उबेला ती दारं हलत नाहीत, पण इजा होईल इतकी धग लागली की उघडतात. निरोप पोटाखालच्या लांब मज्जादोरीकडे पळतो आणि अंग वळतं.

"घराला आग लागली तर तुम्ही आधी पळता, विचार नंतर करता," ते म्हणत. "हिचंही तसंच." एखादा द्वाड मुलगा सुई टेकवून बघू या म्हणे. दोमला ती विझवून ठेवत. "तिला कळलं, आपल्यालाही कळलं. मग टेकवायची कशाला?"

त्या वर्षी आळ्यांची तिसरी कात टाकून झाली आणि हवा फिरली. दोन दिवस थंड पाऊस लागला. तुतीच्या फांद्या आणताना शराफत चिंब भिजली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तापाने फणफणली. ओलं पान आळ्यांना चालत नाही, म्हणून इनोयत सायकल काढून कालव्यापलीकडे मेहुण्याच्या गोठ्यात ठेवलेला कोरडा पाला आणायला गेला. जाताना त्याने तिला पडून राहायला सांगितलं. ती हो म्हणाली आणि तो वळल्यावर उठली.

तिने खोलीतली लोखंडी शेगडी पेटवली. अंगावर चापान, कापूस भरलेला जाड लांब डगला, होता, तरी दात वाजत होते. ताप असला की अंग खोटं बोलतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून अंगाचं न ऐकता तिने तळहाताला विचारलं. फळीवर हात टेकवला. हाताला ऊब लागली नाही. तिने कोळसा घातला. पुन्हा हात टेकवला. काही नाही. शेगडीचं दार उघडून तिने आणखी कोळसा घातला.

दुपारच्या सुमारास तिला दिसलं की शेगडीजवळच्या फळीवरच्या आळ्या पानं सोडून निघाल्या आहेत. रेशमाची आळी इतकी माणसाळलेली की पुढ्यातलं पान सोडून ती कुठे जात नाही. या मात्र डोकी वर करून, माना इकडेतिकडे टाकत, फळीच्या पलीकडच्या कडेला गोळा होत होत्या. काही खाली पडल्या होत्या.

"भूक लागली का गं बायांनो," ती पुटपुटली. "येतील हं दोमला."

तिने उरलेला पाला शेगडीकडच्या बाजूला पसरला आणि एकेक आळी अलगद उचलून त्यावर परत ठेवली. त्या पुन्हा निघाल्या. तिने पुन्हा ठेवल्या. दोनेकशे तरी असतील. एकही चिरडली नाही, इतक्या मायेने ती ते करत होती.

इनोयत परतला तेव्हा तिसरा प्रहर झाला होता. खोलीचं दार उघडताच त्याचा चष्मा वाफेने पांढरा झाला. पाल्याचं पोतं टाकून त्याने तिन्ही खिडक्या उघडल्या, मग खिळ्यावरचा एप्रन बाजूला केला. थर्मामीटरचा पारा चव्वेचाळीसवर होता.  फळ्यांवर आळ्या मऊ पडून होत्या, ओल्या सुतासारख्या. लांबच्या कोपऱ्यात दोन-तीन मुठी जिवंत होत्या.

शराफत म्हणाली की खोली गार आहे, खिडक्या कशाला उघडता. त्याने तिचा हात हातात घेतला. तळव्यावर आडवा, शेगडीच्या कडीएवढा लांब फोड आला होता आणि फुटलाही होता.

"हे कधी झालं?"

"काय?" ती म्हणाली.

तिने खाली पाहिलं. मग दुसरा हात सरळ शेगडीवरच्या किटलीला लावला आणि तसाच ठेवून, दुसऱ्या कुणाचा असावा तशी त्या हाताकडे बघत राहिली. इनोयतने तो ओढून काढला.

त्याने दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्या. शेवटची गाठ बसल्यावर तिने विचारलं, "त्यांना कळत होतं?"

इनोयतने आयुष्यभर मुलांच्या प्रश्नांना खरी उत्तरं दिली होती. आज त्याला खोटं बोलावंसं वाटलं.

"कळत होतं," तो म्हणाला. "म्हणून तर निघाल्या होत्या."

"आणि मी त्यांना परत ठेवलं."

 हात एका दिवसात असा बधिर होत नाही, हे दोघांनाही समजत होतं. मागच्या वर्षी मुनोजातच्या अर्ध्या आळ्या गेल्या होत्या. तेव्हा शराफतने साऱ्या गल्लीदेखत तिला फैलावर घेतलं होतं, ओला पाला घालतेस, आळशी कुठली. मुनोजात खाली मान घालून ऐकून घेत होती. त्या वेळी रोज तिच्या फळीवर हात ठेवून खोली बरोबर आहे म्हणणारी शराफतच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनोजात ओसरीशी येऊन उभी राहिली. "शराफत-आपा, येताय ना हात लावायला? काल तुम्ही आला नाहीत, मी नुसती घाबरून गेले."

शराफत बाहेर आली. पट्ट्या बांधलेले हात तिने लपवले नाहीत. "मागच्या वर्षी तुझा पाला कोरडा होता," ती म्हणाली. "चूक माझ्या हाताची होती. त्याला आता काही कळत नाही."

 चहा तरी घेते का, असं शराफतने विचारलं नाही. ती आत गेली, खिळ्यावरचा थर्मामीटर दोन्ही मनगटांत धरून घेऊन आली आणि तिला दिला. मुनोजात तो उलटसुलट करून बघू लागली.

"कसा वाचायचा ते दोमला सांगतील," शराफत म्हणाली. "पण त्याच्यावरही फार विसंबू नकोस. आळ्यांकडे बघत जा. पान सोडून कडेला जायला लागल्या तर खिडकी उघड."

मुनोजात मान हलवून निघाली. ती फाटकाशी पोचली तेव्हा शराफतने तिला पुन्हा हाक मारली.

"आणि त्यांना परत ठेवू नकोस."