गव्हाणीतला भोंगा

तान्ह्या पोराच्या रडण्यानं कुणाचा जीव भांड्यात पडल्याचं ऐकलंय कधी? टेलरबाईंचा पडला. तोही भरल्या चर्चमध्ये, नाताळच्या नाटकात, तिन्ही राजे मधल्या वाटेत खोळंबलेले असताना. पण ते जरा आधीपासून सांगायला हवं.

टेलरबाईंची नात पाच आठवड्यांची. जन्मली तीच असा आवाज लावत, की प्रसूतिगृहातल्या सिस्टरांनी दुसऱ्याच दिवशी तिला 'भोंगा' म्हणायला सुरुवात केली. खरं नाव आईनं ठरवायचं होतं, आणि आई ते आज-उद्यावर ढकलत होती. तोवर भोंगाच. भूक लागली की वाजायचा, पोट भरलं की वाजायचा, दुपटं ओलं झालं म्हणून वाजायचा आणि कोरडं घातलं म्हणूनही. दुकानासमोरचा चष्मेवाला म्हणाला, "टेलरबाई, घड्याळ विकायला काढलंय मी. तुमची नात आहे की!"

रडण्याचं एवढं काही नाही. रडणारं पोर धडधाकट असतं. टेलरबाईंना घोर लागला होता तो लेकीचा.

लेक करायची सगळं. वेळेवर पाजायची, लंगोट बदलायची, अंघोळ घालायची. बोट ठेवायला जागा नव्हती. पण पोस्टाच्या खिडकीतला माणूस शिक्का मारून पाकीट पुढे सरकवतो ना, तसं. बाळाशी एक शब्द बोलायची नाही. 'ती' म्हणायची नाही. "ते उठलंय," म्हणायची, शेजाऱ्यांच्या मांजराबद्दल सांगावं तसं. काम उरकलं की खिडकीशी बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायची. जावई जहाजावर, कधीमधी फोन लागायचा. त्याला सांगायची, "बरंय सगळं."

घरी तपासायला येणारी सिस्टर टेलरबाईंना बाजूला घेऊन म्हणाली होती, "होतं असं काही जणींना बाळंतपणानंतर. तिचा दोष नाही, तुमचाही नाही. टाकून मात्र बोलू नका. नाताळ झाला की डॉक्टरांना दाखवू, मी वेळ घेऊन ठेवलीय."

टेलरबाईंनी मान हलवली. पण मशीनवर बसलं की पाय चालायचे आणि पायांबरोबर मनही. हिला ही पोर आपली वाटलीच नाही तर? शेवटपर्यंत 'ते'च राहिलं तर?

देवाला सांगायचीही सोय नव्हती. याच नातवंडासाठी त्यांनी वर्षानुवर्षं देवाच्या दाराशी ठाण मांडलं होतं. आता पुन्हा त्याच दारात उभं राहायचं म्हणजे शिवून नेलेला झगा आठवड्यानं परत आणून, "बाई, कमरेत जरा चुकलंय हो," म्हणण्यासारखं. असल्या गिऱ्हाइकांचा टेलरबाईंना स्वतःलाच भारी राग. तेव्हा रोजची प्रार्थना त्या नेटानं आमेनपर्यंत न्यायच्या आणि मुख्य गोष्ट तेवढी गिळून टाकायच्या.

नाताळच्या आठवड्यात पाळकबाई दुकानात शिरल्या. पाळकसाहेब उपदेश करायचे, बाकीचं चर्च त्यांची बायको चालवायची. काखेत देवदूतांच्या झग्यांचं गाठोडं.

"तुरपाई उसवलीय सगळ्यांची. हे देवदूत आहेत की माकडं, देव जाणे. आणि हो, यंदा गव्हाणीत तुमचा भोंगा."

टेलरबाईंच्या हातातली कात्री थांबली. रीत त्यांना माहीत होती. मंडळीत सगळ्यात शेवटी जन्मलेलं मूल नाटकात येशूबाळ व्हायचं. बाहुली पाळकबाईंना चालत नसे. म्हणायच्या, "देव काय प्लास्टिकचा होऊन आला होता?"

"अहो, पण मुलगी आहे ती!"

"मग? योसेफ कोण आहे यंदा? दूधवाल्याची धाकटी, काजळाची मिशी लावून. तिथं चालतं ना?"

"आणि रडली म्हणजे? नुसती रडत नाही हो ती. छप्पर जातं."

"रडू दे की. ते गाण्यात म्हणतात बाळ रडलं नाही म्हणून, ते कुणा पुरुषानं लिहिलेलं असणार." पाळकबाई मागच्या खोलीकडे वळल्या. लेक तिथं खिडकीशी बसली होती. "काय गं, देशील ना बाळाला?"

लेकीनं मानही वळवली नाही. "न्या की."

टेलरबाईंच्या काळजात टाचणी रुतली. नको म्हणाली असती, थंडी आहे म्हणाली असती, लोक हाताळतील म्हणून भांडली असती, तर त्यांनी आनंदानं पाळकबाईंशी वाकडं घेतलं असतं. ही नुसतं न्या म्हणाली. छत्री न्या म्हणावं तसं.

नाटकाच्या संध्याकाळी चर्चमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. फळांच्या खोक्याची गव्हाण, तिच्यात गवत. गवत टोचतं म्हणून टेलरबाईंनी आत घालायला जाड अस्तराची गादी शिवली होती. वर तारेला टांगलेला चांदीच्या कागदाचा तारा, आत दिवा. टेलरबाईंनी भोंग्याला मरियेच्या हाती दिलं. मरियेला सर्दी झाली होती. तिनं आधी नाक ओढलं, मग बाळ घेतलं. टेलरबाई पडद्याआड टाचण्या घेऊन बसल्या. तिथून त्यांना लेक दिसत होती. सगळ्यात मागच्या बाकावर, दाराशी. लवकर निघता यावं म्हणून तिनं ती जागा धरली होती.

देवदूत खुर्चीवर चढला आणि ओरडला, "भिऊ नका!"

हे वाक्य टेलरबाईंनी जन्मभर ऐकलं होतं. आज पहिल्यांदाच मनात आलं, की या गोष्टीत न भ्यालेलं आहे तरी कोण? मरिया भ्याली, योसेफ भ्याला, मेंढपाळ तर थरथर कापले. दर वेळी देवदूताला आल्या आल्या हेच सांगावं लागतंय. म्हणजे माणसं भिणार हे वर ठाऊक आहे. त्याचा राग धरत नसावेत तिकडे. आणि देव तरी काय, तलवार घेऊन नाही आला. स्वतःची मान सावरता येत नाही असा आला, कुणीतरी उचलून घेईल या भरवशावर.

टेलरबाईंनी टाचण्या मांडीवर ठेवल्या आणि डोळे मिटले. "देवा, आलेय परत. तुझ्या शिवण्यात खोट नाही. कपडा लाखात एक आहे. तिला अंगात घालता येत नाहीये, एवढंच. तूच बघ आता."

डोळे उघडले तर चर्चमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मरियेनं बाळ गव्हाणीत ठेवलं होतं. सगळे श्वास रोखून भोंग्याची वाट बघत होते, आणि भोंगा वाजतच नव्हता.

मेंढपाळ आले, गुडघे टेकून गेले. भोंगा गप्प. अंगाईचं गाणं झालं. भोंगा गप्प. पुढच्या बाकावरच्या आज्या एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. "जागेचा गुण आहे बाई!" चष्मेवाला बायकोला म्हणाला, "मी उगीच नावं ठेवली." पाळकबाईंनी तर छातीवर हात ठेवला, जणू बाळाचीही तालीम त्यांनीच घेतली होती.

टेलरबाईंनी लेकीकडे पाहिलं. सगळ्यांचे चेहरे विरघळले होते, हिचा नव्हता. मान एका बाजूला कलली होती, कपाळावर आठी. मशीन चालताना मध्येच खटखट थांबली की टेलरबाई स्वतः अशाच कान देत.

लेक उभी राहिली.

तीन राजे तेव्हाच मधल्या वाटेनं मिरवत निघाले होते. हळू चालायचं अशी पाळकबाईंची सक्त ताकीद. लेकीनं पहिल्या राजाला ढकललं, दुसऱ्याच्या झग्यावर पाय दिला, तिसऱ्याची पेटी खाली पडली. "अगं ए, थांब!" कुणीतरी म्हणालं. ती थांबली नाही. मंचावर चढली, मरियेला हातानं बाजूला सारलं आणि खोक्यावर वाकून तिनं बोटाची मागची बाजू बाळाच्या नाकाखाली धरली.

भोंगा जागा होता. टक्क जागा. तोंडाचा चंबू करून डोक्यावरच्या चांदीच्या ताऱ्याकडे बघत होता. असलं काही त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. मग आडवा आला एक चेहरा. डोळे ताऱ्यावरून त्या चेहऱ्यावर आले, तिथंच थबकले, आणि भोंगा असा वाजला, की खिडक्यांच्या काचा हलल्या.

"हो, हो, आले ना!" लेकीनं बाळ उचलून गळ्याशी धरलं. "इतका वेळ गप्प बसतात का गं? आँ? कधी बसली आहेस एवढी गप्प? जीव गेला ना माझा! लबाड कुठली!"

चर्चभर हसू फुटलं. टेलरबाई पडद्याआड तोंडाला देवदूताचा झगा लावून रडत होत्या. सगळ्या मंडळीला पोर शहाणी वाटली होती. नेहमीचं काय आणि आजचं वेगळं काय, ते एकट्या लेकीला कळलं होतं. जिनं कधी मान वर करून बघितलं नाही असं वाटायचं, तिनं कानानं सगळं मोजून ठेवलं होतं. आणि रागावली कशी! खडसावून! टेलरबाईंच्या कानांना त्या दिवशी दुसरं कुठलं गाणं गोड लागलंच नाही.

पाळकसाहेबांनी उपदेशाचा कागद चष्म्यासमोर धरला, भोंग्याकडे पाहिलं, आणि कागद घडी करून खिशात घातला. "मरियाही अशीच धावली असणार," एवढंच म्हणाले. "बस, लेकी, तिथंच बस." तर लेक स्वेटर आणि चपला घालून, मांडीवर बाळ घेऊन गव्हाणीशी बसली. राजांनी पेट्या गोळा करून तिच्याच पुढ्यात ठेवल्या. मरियेनं शेजारी बसून एकदा जोरात नाक ओढलं.

दाराशी पाळकबाईंनी बाळाच्या गालाला बोट लावलं. "काय रे भोंग्या, गाजवलंस!"

"भोंगा नका म्हणू तिला," लेक म्हणाली.

पाळकबाईंनी टेलरबाईंकडे पाहिलं. टेलरबाईंनी रस्त्याकडे पाहिलं, कारण डोळ्यांचा काही भरवसा नव्हता.

घराकडे चालताना लेकच बोलली. "आई, डॉक्टरांकडे जायचंय ना परवा? जाऊ. मला अजून आतून जड जड वाटतं गं. आजच्यानं सगळं गेलं असं नको समजूस."

"नाही समजत. मी येते बरोबर."

"आणि तिचं नाव ठरवलंय मी."

"काय गं?" टेलरबाई जागीच थांबल्या.

लेकीनं शाल बाळाच्या कानावर ओढली आणि पाऊल उचललं. "थांब जरा. आधी तिला सांगते."