पन्नास अक्षरांत कुंडलिकशेठ

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत एकही साधा दुकानदार उरलेला नाही, हे सरिताला नोकरीच्या पहिल्या महिन्यातच कळलं. खर्डीचा कोंबडीवाला 'भारतातील सर्वोत्तम' होता. शेणव्यात केस कापणारा 'आंतरराष्ट्रीय' होता. बाकीचे सगळे एंटरप्रायझेस. आता एंटरप्रायझेसमध्ये सायकलचं पंक्चर काढून मिळतं की बारशाचा केक, हे देवाला ठाऊक आणि त्या दुकानदाराला.

काम तिचं सोपं होतं, निदान कागदावर. दोन तालुक्यांतल्या धंद्यांची यादी करणारी एक वेबसाइट होती. मालक कल्याणला बसायचा आणि सरिता आसनगावात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत. लोक माहिती पाठवत आणि ती प्रत्येक धंद्याचं शीर्षक लिही. काम काय, करतो कोण, कुठे. एवढंच. यादीत शीर्षकाची पहिली पन्नास अक्षरं दिसत, पुढे तीन टिंबं. पन्नास अक्षरांत खरं बोलायला माणसाला एवढा त्रास का व्हावा, हे तिला अजून उमगलेलं नव्हतं.

एप्रिलमध्ये नवसू आला. खर्डीपलीकडच्या ठाकरवाडीतला, पन्नाशीचा, अंगानं काटकुळा. दाराबाहेर चपला काढून उभाच राहिला.

"बाय, माझा नाव टाकशील का यादीत?"

"काम काय करता, दादा?"

"बोअरमधी मोटर अडकली का काढतो. तुटून खाली पडली तरी काढतो."

सरितानं मान वर केली. तिच्या माहेरी, किन्हवलीत, मोटर अडकली की एकच नाव घेतलं जाई: कुंडलिकशेठ. 'कुंडलिकशेठनं तीनशे फुटांवरून मोटर काढली,' असं लोक सांगत. कुंडलिकशेठचं मोटर-पाइपचं मोठं दुकान. शेठ बोअरजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसे, चहा घेई, आणि हा नवसू गळ टाकून, दोराला हात लावून, खाली मोटर कुठे तिरकी झालीय ते ओळखी. बारा वर्षं हेच चाललं होतं. मोटर वर आली की हार शेठच्या गळ्यात. नवसूला लोक 'शेठचा माणूस' म्हणत. त्याला नाव असेल अशी शंकाही कुणाला आली नव्हती.

"शेठला माहीत आहे?"

"नाय. पोरगी अंजू बारावीला हाय. कालेजात बापाचा धंदा लिवायचा होता. तिनं मजूर लिवला. मी बोललो, असा कसा लिवलास? तर बोलली, बाबा, तुझा नाव कुठं हाय?"

सरितानं त्याच्यासमोरच लिहिलं: 'बोअरमधील अडकलेली मोटर काढणे – नवसू, खर्डी'. त्यानं ते अंजूकडून आलेल्या जुन्या फोनवर दोनदा बघितलं आणि पाया पडायला वाकला. तिला भयंकर राग आला, त्याचा नाही, त्याला वाकायची सवय लावणाऱ्यांचा.

चार दिवसांनी खुद्द कुंडलिकशेठ जिना चढून आले. पांढरे कपडे, गळ्यात चेन, मागे अत्तराचा लोट. त्यांनी कागदावर शीर्षक लिहूनच आणलं होतं. आपल्याकडे लग्नाची पत्रिका असते ना, आधी स्वर्गवासी, मग देव, मग भाऊबंद, आणि नवरा-नवरी कुठेतरी तळाला, अगदी त्याच चालीवर. 'कै. गोमाशेठ हिरू विशे यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन करून' अशी सुरुवात. पुढे ग्रामदैवत, शेठच्या पत्नी सौ. मैनाताई, चार भाऊ, सात पुतणे. मोटरचा उल्लेख चौदाव्या नावानंतर. सोबत फोटो, हार घातलेल्या गोमाशेठचा.

"काका, यादीत पहिली पन्नास अक्षरं दिसतात. पुढचं कापलं जातं. आधी मोटर-पाइप लिहूया."

"बापाच्या आधी पाइप?" शेठ हसले. "आणि कापतो कोण गो? किन्हवलीत आमचा नाव कापणारा अजून जन्मला नाय. हाय तसा टाक. एक नाव गाळलास तर भाऊ माझ्या दारात येनार नाय."

"मी सांगितलं हं तुम्हाला."

"लिवून दिलाय तसा टाक."

दुसऱ्यांदा समजावणं सरिताच्या स्वभावात नव्हतं. तिनं टाकलं. यंत्राला किन्हवलीत कोण कोणाचं नाव कापतं याच्याशी देणंघेणं नव्हतं. हारातले गोमाशेठ, खाली 'कै. गोमाशेठ हिरू विशे यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र', आणि तीन टिंबं.

कुणीतरी त्याचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर पाठवला. मग काय विचारता. 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'भावपूर्ण श्रद्धांजली', हात जोडलेले, हात जोडलेले, खाली जाईपर्यंत बोट दुखावं. गोमाशेठ आठ वर्षांपूर्वी गेले, त्यांच्या तेराव्याला यातल्याच निम्म्यांनी जिलेबी हाणली होती. पण वाचतो कोण? फोटोला हार दिसला की अंगठे आपोआप चालतात. मुरबाडहून लांबचे दोन पाहुणे तर गाडी करून आले आणि शेठच्या ओट्यावर गंभीर तोंडं करून बसले. मैनाताईंनी त्यांना चहा दिला. दहावं कधी आहे, एवढंच पाहुण्यांनी विचारलं. दुकानाचा फोन दिवसभर वाजत होता, आणि मोटरसाठी एकही नव्हता.

त्या रागात शेठनी यादी पहिल्यांदा नीट बघितली आणि त्यांना नवसू दिसला.

संध्याकाळी नवसूचा फोन आला. आवाज पार बसलेला. "बाय, काढून टाक माझा नाव. शेठ बोलला, चेनपुली देनार नाय. चेनपुली त्याची. तिच्याबिगर तीनशे फूट पाइप मी हातानं वडू काय?"

"फोन आले का तुम्हाला?"

"तीन आले. टोकावड्याकडच्या वाडीचा एक हाय. आख्ख्या वाडीला एकच बोअर, मोटर अडकलीय, बाया दोन मैल पान्याला जातात."

"मग त्यांना सांगा की चेनपुली बघा म्हणून. उद्या सकाळपर्यंत मी नाव काढत नाही." शेठचा एक फोन कल्याणला गेला असता, तर नवसूच्या आधी तिचं नाव कापलं गेलं असतं. पण घाबरायचं ते त्या खुर्चीत बसून चहा पिणाऱ्याला? तिला स्वतःचीच लाज वाटली असती.

वाडीच्या लोकांनी सरळगावातून चेनपुली आणली. नवसू दुपारपर्यंत दोराला हात लावून बसला आणि दिवस मावळायच्या आत मोटर वर आली. तिथल्याच एका पोरीनं त्याचा व्हिडिओ केला. त्यानंतर नवसूनं नाव काढून टाकायचा विषय काढला नाही.

पंधरवड्यानं कुंडलिकशेठ पुन्हा जिना चढले. या वेळी बसायला खुर्ची त्यांनीच ओढून घेतली.

"तुज्या मनासारखा लिव. बोअरची मोटर काढून मिळेल, कुंडलिकशेठ, किन्हवली."

"काढणार कोण?"

"नवसू. दुसरा कोन?"

"त्याला विचारलंत?"

"त्याला काय विचारायचा? माझा मानूस हाय तो." असं म्हणून शेठनी तिला ऐकू जावं म्हणून फोन मोठ्या आवाजावर टाकला. "नवसू, उद्या ये रे दुकानावर. चेनपुली काढून ठेवतो."

"उद्या धसईला जायचाय, शेठ," पलीकडून आवाज आला. मागे बायकांचा गलका होता, कुणीतरी 'नवसूशेठ, चहा' म्हणून हाक मारत होतं. "परवा डोळखांब. तुमची नड असंल तर यादीत बघा ना, दुसरा कोन हाय का." सांगण्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखर मदत करायची होती.

शेठनी फोन खिशात ठेवला. "बघ गो, दुसरा कोन हाय?"

सरितानं दोन्ही तालुके शोधून दाखवले. 'मोटर काढणे' या कामाखाली एकच नाव येत होतं.

बारा वर्षांत पहिल्यांदाच, आपण नक्की काय करतो, याचा विचार करायची पाळी शेठवर आली होती.

"लिव," ते शेवटी म्हणाले. "मोटर, पाइप, केबल. विक्री."

"आणि काढणे?"

"नाय," शेठ म्हणाले. "ते आमाला येत नाय."