दुर्गाच्या हातातली छडी

या रे पोट्टेहो, बसा इथी माह्याजवळ. मोबाईल ठेवा बाजूले. मुलचेऱ्याकडल्या एका लहानशा शाळेची गोठ सांगते. गोठ काही लय गोड नाई, आदीच सांगून ठेवते. पन माह्या अंगावरून गेलेली आहे.

मी एक जुनी बांबूची छडी आहो. मुखरूनं मले जंगलातून तोडून आनलं, कोयत्यानं पेरं तासले, टोक गुळगुळीत केलं. त्याची दुर्गा तवा पहिलीत बसत होती. तिले शाळेत सोडाले आला, तं मले साधना म्याडमच्या हाती देल्लं अन् म्हने, "घ्या म्याडम, पोरीच्या नावाची भेट. पन तिच्याच पाठीवर नका वापरू हो!"

"मारत नाई मी, मुखरूभाऊ. अक्षरं दाखवीन इनं," म्याडम हासली.

अन् खरंच, मित्रांनो, माह्या नशिबी कोनाची पाठ नाई आली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगला होता. त्याच्यावरून फिरनं, एवढंच माहं काम.

म्याडम एकटी अन् वर्ग चार. वरून मोबाईलवर माहिती भराचा तगादा. आज पोट्टे किती आले, खिचडीत काय होतं, फोटो टाका, लवकर टाका. मंग ती बिचारी काय करे? हुशार पोरीच्या हाती मले दे अन् आपून माहिती भरत बसे. हुशार म्हनजे कोन? आपली दुर्गा! आवाज असा का बाहेरच्या झाडावरचे पाखरं उडून जाये.

"क कमळाचा!" दुर्गा म्हने.

"क कमळाचा!" सारी शाळा म्हने. मंग मी सरकत ख वर जाये.

असे सालं गेले. दुर्गा चौथीत आली तरी मी तिच्याच हाती. म्याडम भेटन त्याले सांगे, "दुर्गा माही अर्धी म्याडम आहे." मुखरू गावभर छाती काढून फिरे. उन्हाळा झाला का पोरगी दूरच्या आश्रमशाळेत जानार होती, तिथीच राहाले.

दिवाळीनंतर वारलू पेंटर आला. जुना तक्ता पान्यानं सडला होता, तो काढला. नव्या पुस्तकात अक्षरं ज्या क्रमानं शिकवतेत, त्याच क्रमानं त्यानं भिंतीवर काढले. सगळ्यात पहिलं आलं 'म'.

दुर्गा रोजच्यासारखी उठली. माहं टोक 'म' वर ठेवलं अन् ओरडली, "क कमळाचा!"

"क कमळाचा!" सारा वर्ग ओरडला.

मले वाटलं, आता कोनी तरी हासन. कोनी हासलं नाई. दुर्गानं मले पुढच्या 'र' वर नेलं. "ख खडूचा!"

म्याडमनं मोबाईल खाली ठेवला. "थांब दुर्गा. हे कोन्तं अक्षर?"

"ख, म्याडम." पोरगी भिंतीकडं पाहतच नव्हती, म्याडमच्या तोंडाकडं पाहत होती.

म्याडमनं फळ्यावर लिहलं, घर. "हे वाच."

दुर्गानं मांगं वळून वर्गाकडं पाहलं, कोनी सुरू करन म्हनून. सारे गप. सुरू कराचं काम तं तिचंच होतं ना!

 त्या दिवशी शाळा सुटली तशी म्याडम मले हातात घेऊनच मुखरूच्या आंगनात गेली. तो टोपली विनत होता.

"मुखरूभाऊ, दुर्गाले वाचता येत नाई."

"मस्करी करता का म्याडम? तुमीच तं म्हनता, अर्धी म्याडम आहे."

"मीच म्हनली. मी तिचा आवाज ऐकला भाऊ, वाचन कधी ऐकलंच नाई."

मुखरूचे हात थांबले. "मी तं अंगठेबहाद्दर. तुमी सांगतलं ते खरं धरलं. मी अजून कोनाले इचाराव?"

 म्याडमनं मले असं आवळून धरलं का माहं पेर करकरलं.  सालोसाल अक्षरं दाखवत तं मीच फिरली होती.

दुसऱ्या दिवसापासून वर्गाचं गानं बंद. म्याडम मले 'म' वर ठेवे. "हा म. आदी मी म्हनते, आयका. म. आता आपन मिळून. आता तू एकटी." मंग मले कुठूनही कुठी उडवे. काना जोडे, मा. न जोडे, मान. एकेकाले उभं करे अन् एकट्याले वाचाले लावे. दुर्गा पहिलीच्या पोट्ट्यायसंग बसे अन् रडे.

"अर्धी म्याडम आता पाव झाली!" तिच्याच वर्गातला कुलदीप खिदळला.

"ये कुलदीप, तू वाच," म्याडम म्हनली. तं त्याचीही दातखीळ बसली. म्याडमनं तोंड फिरवलं. पदरानं डोळे पुसले अन् त्यालेही पहिलीत बसवलं.

मोहाचे फुलं पडाचे दिवस आले. एक दिवस मुखरू वर्गाच्या दारात येऊन उभा राह्यला. म्याडमनं फळ्यावर लिहलं, आई मोह वेचते. अन् मले टेबलावर ठेवून देल्लं.

"आ... ई," दुर्गा वाचत होती. "मो... ह." अन् अडली. वर्गात चुळबुळ. कुलदीपचं तोंड उघडलं. म्याडमचंही उघडलं होतं, मी पाहलं! पन तिनं ओठ दाबून धरला.

दुर्गा वळली. "म्याडम, हा मले येत नाई."

असं त्या वर्गात आजवर कोनी म्हनलंच नव्हतं.

"येत नाई म्हनली, बेस केलं," म्याडम म्हनली. "खालचं अक्षर ओळखतेस?"

"व."

"अन् वर?"

"मात्रा." पोरगी फळ्याकडं पाहत राह्यली. लय वेळ.  "वे... वे... च... ते. वेचते!"

म्याडम दाराशी गेली. "भाऊ, अजून पुरं नाई आलं. आश्रमशाळेत जाईपर्यंत रोज वाचाले बसवते तिले. पन गेलेले सालं मी कुठून आनू?"

मुखरू हासला नाई, रागावलाही नाई. "बसवा म्हनजे झालं," म्हने.

तं मित्रांनो, माहं एकच मागनं आहे. कोनी तुमच्यापुढं वाचून राह्यलं अन् एका अक्षरापाशी अडलं, तं झटकन त्याच्या तोंडात शब्द टाकू नका. तुमाले येते, हे साऱ्यायले माहीत आहे. जराक थांबा. त्याले येऊ द्या.