चार बोटं पाणी

मिस्त्रीला लोक तोंडावर ‘मिस्त्री’ म्हणत आणि पाठ वळली की ‘गळका’. तीन वर्षांपूर्वी त्याने एका शिंप्याच्या दुकानाच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं होतं. ती गच्ची गळली, कापडाचे गठ्ठे भिजले. चूक पाइप बसवणाऱ्याची होती हे नंतर निघालं, पण नाव चिकटलं ते मिस्त्रीलाच. तेव्हापासून कुणाच्याही घरात शिरला की त्याची नजर आधी छताकडे जाई. बायको म्हणायची, “पाहुणा माणूस घरातल्या माणसांकडे बघतो, तुम्ही कोपरे बघता. एक दिवस कुणीतरी चोर समजेल.”

आत्ता हातात असलेलं काम दोन भावांच्या घरातलं होतं. खाली थोरला, वर धाकटा. वरच्या बाथरूमचं पाणी मुरायचं ते खाली थोरलीच्या स्वयंपाकघरात, नेमकं शेगडीच्या वर. दोन वर्षांपूर्वी एक थेंब दुधाच्या पातेल्यात पडला आणि थोरली म्हणाली, “तुमच्या आंघोळीचं पाणी आम्ही पितो, अजून काय हवं?” धाकटी म्हणाली, “आमची फरशी चांगली आहे, तुमचीच भिंत ओलसर.” त्या दिवसापासून दोघी जावा एकमेकींना पाण्यात पाहायला लागल्या. दोघींमधले निरोप सासूबाई न्यायच्या, सतरा पायऱ्या चढून आणि सतरा उतरून. शेवटी छताचं ताटाएवढं प्लॅस्टर शेगडीवर कोसळलं, तेव्हा दोघा भावांना जाग आली.

मिस्त्रीने सगळं रीतसर केलं होतं. फरशी फोडली, खालचा ओला कोबा उपसून स्लॅब उघडा केला, भेगा छिन्नीने रुंद करून भरल्या. भिंत आणि जमीन मिळते तिथे जाळी चिकटवून कोपरे गोलसर केले. मग केमिकलचे दोन हात, एक उभा आणि एक आडवा, भिंतीवर कमरेपर्यंत. ते वाळल्यावर पाणी जायच्या जाळीचं तोंड वाळूच्या पिशवीने घट्ट बंद करून त्याने चार बोटं पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढली.

“दोन दिवस या पाण्याला हात लावायचा नाही,” त्याने सगळ्यांना बजावलं. “रेघेवर राहिलं तर काम पक्कं. मगच फरशी बसवीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी रेघेच्या अर्धं बोट खाली होतं.

 धावत खाली जाऊन मिस्त्री स्टुलावर चढला आणि थोरलीच्या छतावर तळहात फिरवला. कोरडं ठणठणीत. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. असं चार वेळा झाल्यावर थोरली म्हणाली, “अहो, पायऱ्या मोजताय का? सतराच आहेत.”

त्याने पाणी काढून टाकलं, सगळं पुसून सुकवलं आणि पाइपांच्या भोवती पुन्हा बारीक हात मारला. एक दिवस वाळू दिलं. मग पुन्हा चार बोटं पाणी भरलं, नवी रेघ ओढली. या वेळी शेजारी एक बादलीही भरून ठेवली आणि तिच्या आतही रेघ मारली. हवेने पाणी उडत असेल तर दोन्हीकडचं उडेल.

दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी जागच्या जागी होतं आणि जमिनीवरचं अर्धं बोट खाली.

पहिल्यांदा पाणी उतरलं तेव्हापासूनच त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. जेवताना घास हातात राहायचा. एवढ्या बाथरूममध्ये अर्धं बोट म्हणजे दोन बादल्या पाणी. दोन बादल्या स्लॅबमध्ये शिरल्या तर खाली डाग उमटायलाच हवा. मग पाणी जातं कुठे? भिंतीत? आणि भिंतीतून कुठे? त्याने बाहेरच्या बाजूने शिडी लावून भिंत बोटांनी चाचपली. कोरडी. शेजारचा संडास तपासला. कोरडा.

संध्याकाळी धाकटा कामावरून आला, दारात उभा राहून रेघेकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “मिस्त्री, राग मानू नका. दुसऱ्या कुणाला दाखवायचं का?”

“उद्यापर्यंत थांबा,” मिस्त्री म्हणाला. 

“बायको, आई, मुलं, सगळ्यांचं खालीच चाललंय बारा दिवस. किती दिवस दुसऱ्याच्या चुलीवर राहायचं?”

ते खरं होतं. वरच्या स्वयंपाकघराची पाण्याची लाइन बाथरूमच्या भिंतीतूनच जाते, म्हणून ती बंद ठेवावी लागली होती. आंघोळी खाली, स्वयंपाक खाली, जेवणं खाली. संडासात टाकायलाही पाणी खालून बादलीने आणायचं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला दुसरीकडे माप घ्यायला जायचं होतं. तो निघालाही. पण अर्ध्या वाटेत पाय थबकले. मापाचं उद्या, असं मनाशी म्हणून तो भर दुपारी माघारी वळला. जिन्यापाशी आला तेव्हा खालच्या स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आणि दोन बायकांचं हसणं ऐकू येत होतं. जिना चढताना वरून दुसराच आवाज आला. बुडुक. थांबून पुन्हा, बुडुक.

बाथरूमच्या उंबऱ्यावर सासूबाई पाटावर बसल्या होत्या. हातात मग, शेजारी संडासातली बादली. तो पाण्यात बुडवायच्या, बादलीत ओतायच्या, दम खायच्या.

मिस्त्री बघतच राहिला. त्याला ओरडावंसं वाटलं, हसावंसं वाटलं, आणि तो भिंतीला टेकला.

“आजी,” तो म्हणाला, “काय चाललंय हे?”

म्हातारीच्या हातातला मग पाण्यात पडला. क्षणभर तिने सांगायला काहीतरी शोधलं. “संडासात टाकायला पाणी नव्हतं. म्हटलं इथे एवढं साचलंय...”

“रोज?”

तिने पाण्यातला मग उचलून उपडा ठेवला.

“आजी, पहिल्या खेपेलाही तुम्हीच?”

म्हातारीने मान हलवली. मग एकदम तिचा धीर सुटला. “जरा कान दे,” ती म्हणाली. “खाली काय ऐकू येतंय?”

“हसताहेत दोघी.”

“दोन वर्षं मी या जिन्यावर निरोप वाहिलेत बाबा. ‘तिला सांगा, मीठ परत पाठवा.’ ‘तिला सांगा, गॅसवाला आला होता.’ एका घरात राहून! तू बाथरूम फोडलंस आणि धाकटी नाइलाजाने खाली आंघोळीला गेली. पहिले दोन दिवस भिंतीशी बोलल्यासारख्या बोलायच्या. मग थोरलीने तिचे केस पुसून दिले. आता भाजीही मिळून निवडतात. तू पाणी राहिलं म्हणालास की फरशी बसणार, नळ सुरू होणार. धाकटी वर येणार, दार लावून घेणार. म्हटलं अजून चार दिवस. सवय पक्की होईपर्यंत.”

“आणि माझं काय?” मिस्त्रीचा आवाज चढला. “पाच दिवस मी वेड्यासारखा भिंती चाचपतोय. घास उतरत नाही माझा. तुमचा मुलगा दुसरा माणूस आणायला निघालाय. गावभर काय म्हणतात मला, माहीत आहे?”

म्हातारीला माहीत होतं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती धडपडत उठली. “चल, मी आत्ता खाली जाऊन सांगते.”

खरं तर त्याला तेच हवं होतं. पण खालून पुन्हा हसू ऐकू आलं, आणि त्याने नुसती बादली उचलून संडासात रिकामी केली.

“आज काही सांगू नका,” तो म्हणाला. “पण आता मी कुलूप लावणार. किल्ली माझ्या खिशात.”

तो खाली गेला. थोरली आणि धाकटी जमिनीवर बसून शेंगा सोलत होत्या. धाकटीचे केस अजून ओले होते.

“सापडलं का काही?” थोरलीने विचारलं.

“सापडलं. जाळीच्या तोंडातली पिशवी सैल बसली होती. तिथून जात होतं.”

“एवढंच?” धाकटी म्हणाली.

“एवढंच.”

हे म्हणताना त्याचे कान तापले. पंचवीस वर्षं या कामात घालवलेला माणूस पिशवी नीट बसवू शकत नाही, हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. संध्याकाळी धाकटाही तेच म्हणाला, जरा वेगळ्या शब्दांत, आणि मिस्त्रीने ऐकून घेतलं.

तिसऱ्यांदा चार बोटं पाणी, तिसरी रेघ, दाराला कुलूप. काम चोख आहे हे आता त्याला ठाऊक होतं, तरी दोन दिवस जीव टांगणीला लागला तो लागलाच. खरंच कुठे भेग असली तर? म्हातारीच्या मगाआड खरी गळती लपली असली तर? तो सकाळ-संध्याकाळ येऊन कुलूप उघडायचा, बघायचा, पुन्हा लावायचा. म्हातारी जिन्यावर बसून त्याच्याकडे बघायची.

दोन दिवस पूर्ण झाले त्या सकाळी सुट्टी होती. सगळं घर वर जमलं. मिस्त्रीने दार उघडलं. पाणी रेघेला टेकून स्थिर होतं. थोरला खाली जाऊन छत बघून आला. “कोरडं आहे,” तो म्हणाला. मिस्त्रीने इतका लांब श्वास सोडला की मुलं हसली.

धाकटा म्हणाला, “चला, झालं एकदाचं. एका पिशवीपायी फुकट गेले हो इतके दिवस.”

“पिशवी सैल नव्हती,” म्हातारी मागून म्हणाली.

सगळे वळले.

“पाणी मीच काढत होते. मगाने. हा बिचारा माझ्यासाठी खोटं बोलला.”

 मग थोरलीने विचारलं, “पण का, आई?”

म्हातारीने सांगितलं, जसं मिस्त्रीला सांगितलं होतं तसंच, फक्त खाली बघत. धाकटी लाल झाली. थोरलीने आधी तिच्याकडे, मग सासूबाईंकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

“म्हणजे आम्ही बोलावं म्हणून तुम्ही एका माणसाचं नाव धुळीला मिळवत होतात?”

“आणि उंबऱ्यावर बसून ओल्यात!” धाकटी म्हणाली. “पाय घसरला असता म्हणजे?”

“गुडघे दुखतात म्हणून रात्रभर कण्हता ते यामुळेच तर!”

“हो ना, जाऊबाई, आणि मी तेल चोळत बसले!”

दोघी आलटून पालटून बोलत राहिल्या. दोन्ही भाऊ भिंतीला लागून उभे.  धाकटा मिस्त्रीजवळ आला आणि हळूच म्हणाला, “चुकलं माझं. बोलायला नको होतं तसं.” मिस्त्रीने मान हलवली. त्याला लाजही वाटत होती आणि बरंही.

फरशी बसली, नळ सुरू झाले, धाकटी वर राहायला गेली. महिन्याभराने मिस्त्री मुद्दाम फिरकला. नवीन काम वापरात आल्यावर एकदा बघितल्याशिवाय त्याला राहवत नसे. म्हातारी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ऊन खात बसली होती. वरचं दार बंद, खालचं दार बंद.

“काय आजी, बोलतात का?”

“आठवड्यातले चार दिवस. काल जिन्यातला दिवा कुणी चालू ठेवला यावरून कडाक्याचं वाजलं. आज अबोला.”

“मग निरोप?”

“छे. मी सांगितलंय, आता माझे गुडघे चालत नाहीत. काय सांगायचं ते स्वतः जाऊन सांगा.” ती जरा सरकली. “बस ना. छत बघायचंय ते बघ मग. दार उघडेपर्यंत वेळ आहे.”

मिस्त्री बसला. थोड्या वेळाने वरचं दार उघडलं. धाकटी हातात झाकलेलं भांडं घेऊन खाली आली. दोघांना ओलांडून गेली आणि खालच्या दारावर तिने पायानेच थाप मारली.

“उघडा हो,” ती कुरकुरली, “हात भाजतोय माझा.”