सुटलेल्या चाकाचा बैल

मित्रांनो, मी धारवाडच्या एका कन्नड शाळेतला जुना लाकडी बैल. सुतारानं मला सागवानी अंग दिलं, कपाळावर चांद दिला, पायांना चाकं दिली. पोरांनी इतकं ओढलं की पाठीचा रंग उडाला. मग एक चाक सैल झालं आणि मी दाराजवळच्या कपाटाखाली गेलो. तिथूनच मी सोनालीला पाहिलं.

पहिलीच्या प्रवेशाचा दिवस होता. तिचा बाप उमेश अळणावरकडचं खेडं सोडून धारवाडलगतच्या बेलूरला कारखान्यात लागलेला. दारातच तो लेकीच्या कानाशी लागला, "आत मराठी बोललीस तर खबरदार! परत पाठवतील."

हेडमास्तर शेषगिरी सरांनी विचारलं, "घरी कुठली भाषा?"

"कन्नडच की, सर."

सरांनी पोरीला कानडीत नाव विचारलं. गप्प. आंब्याचं चित्र दाखवलं. गप्पच. उमेशची बोटं तिच्या खांद्यात रुतली.

"अण्णा, हिच्यापेक्षा आमचा तो बैल बरा बोलेल!" सरांनी माझ्याकडे बोट केलं. "समज कमी दिसते. यंदा अंगणवाडीतच राहू दे."

सोनाली वाकली. मला ओढून काढलं, धूळ फुंकली. "नडी, नडी! बा!" चल, चल, ये, असं कानडीत हाकारलं. गावच्या गौडांच्या, म्हणजे पाटलांच्या, बैलांना ती असंच हाकत असावी. उमेशचा चेहरा उजळला.

आणि माझं चाक निखळलं. मी कोलमडलो.

तिनं माझ्या पायावर तळवा ठेवला आणि मराठीत म्हणाली, "दुखतंय काय रे? रडू नको. आई येस्तंवर गप बस हं."

उमेश पांढराफटक; त्याचा हात पुन्हा तिच्या खांद्यावर.

पहिलीच्या दीपश्रीबाई येऊन जमिनीवरच बसल्या आणि मराठीत म्हणाल्या, "चाक कुठं गेलं गे त्याचं?"

पोर बापाकडं बघू लागली.

"अण्णा, बोलू द्या तिला."

"परत नाही ना पाठवणार, बाई?"

"कुणाशी काय बोलते ते कळल्याशिवाय शिकवू कसं हो?"

उमेशनं खांद्यावरचा हात काढला.

"बाकाखाली गेलंय. मी काढू? आणि याचं नाव काय? माझं सोनाली."

सरांनी प्रवेशाचा अर्ज पुढं ओढला. मग म्हणाले, "पहिलीतच बसू दे."

आता मी बाईंच्या टेबलावर असतो. कुणी मला कानडीत दटावतं, कुणी उर्दूत समजावतं, कुणी कोकणीत कुरवाळतं. बाई ऐकत राहतात.

मित्रांनो, मला जपा. धूळ पुसा, रंगही द्या. फक्त हे चाक घट्ट बसवू नका. पुढच्या गप्प पोराला बोलतं व्हायला ते सैलच लागेल.